पल्सर घरी उघडली, तेव्हा काय कशाने धुतलं

गेल्या जानेवारीत माझी जुनी पल्सर १५० घरीच उघडायची ठरवली. पाने, स्टँड, नवे ब्रेक पॅड सगळं चटकन जमलं. वेळ गेला तो कुठला भाग कशाने धुवायचा हे ठरवण्यात.

आमच्या जळगावात बहुतेक गॅरेजांत एका पसरट भांड्यात पेट्रोल असतं आणि कार्ब्युरेटरपासून बेअरिंगपर्यंत सगळं त्यातच बुचकळतात. घरी पेट्रोल वापरायचं नाही, हे मी आधीच ठरवलं. उणे ४० अंशांच्या आसपासही त्याची पेट घेण्याइतकी वाफ निघते. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे फरशीलगत पसरत जाते. माझी कामाची जागा मागच्या अंगणात, त्याला लागून न्हाणीघर आणि आत गॅस गीझर. कुणी गरम पाण्याचा नळ सोडला की तो आपोआप पेटतो. घरात आई आहे, मुलं आहेत. ‘आज नळ सोडू नका’ एवढ्या सांगण्यावर विसंबायची माझी तयारी नव्हती. शिवाय पेट्रोलमधलं बेंझिन कॅन्सरला कारणीभूत ठरतं.

चेनला राकेल वापरलं. हार्डवेअरच्या दुकानात पांढरं मिळालं. त्याची वाफ पेट घ्यायला साधारण ३८ अंश तरी लागतात, म्हणून थंडीत ते बऱ्यापैकी सुरक्षित. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३च्या वर जातो, तेव्हा हा हिशेब चालत नाही; हे काम मी थंडीतच काढतो. माझी चेन ओ-रिंगची आहे. कंपनीने आत भरलेलं ग्रीस त्या बारीक रबरी रिंगांमुळे टिकतं, त्यामुळे तारेचा ब्रश अजिबात नको. मऊ ब्रशने राकेल लावायचं, चेन त्यात भिजत ठेवायची नाही, लगेच कोरड्या फडक्याने पुसायची आणि वरून गिअर ऑइल.

सर्वांत जास्त काळजी घेतली पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची. आतल्या पिस्टनभोवतीचं सील ज्या रबराचं असतं, ते ब्रेक ऑइलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल, राकेल किंवा इंजिन ऑइल लागलं की फुगतं. फुगलेल्या सीलमुळे पिस्टन मागे सरकत नाही आणि ब्रेक धरून राहतो. म्हणून कॅलिपर बाहेरून भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुतला, पूर्ण वाळवला. आतला भाग मात्र सीलबंद बाटलीतल्या नव्या ब्रेक ऑइलनेच पुसला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट ग्रेड (ऑइलचा प्रकार) लिहिलेला असतो, तोच. हे ऑइल गाडीचा रंग उडवतं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर जुनी चादर टाकली आणि पाण्याची बादली जवळ ठेवली. डिस्कला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं. ब्रेक क्लीनरचा स्प्रे घेणाऱ्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं जरूर वाचावीत. क्लोरीनयुक्त द्रावक असेल तर तापलेल्या धातूवर किंवा वेल्डिंगजवळ त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. मी तो स्प्रे घेतलाच नाही. मागच्या ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ ओल्या फडक्याने टिपली. तिच्यावर हवा मारू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक असं अॅस्बेस्टॉस असायचं.

कार्ब्युरेटर उघडला तेव्हा शेजारचे काका आपणहून संडास साफ करायचं अॅसिड घेऊन आले. “टाक रे यात, चांदीसारखा होईल.” म्हटलं, “काका, हा अॅल्युमिनियमसारखा मऊ धातू आहे, अॅसिड त्याला खाऊन टाकेल.” कॉस्टिक सोड्याचंही तेच. त्याने अॅल्युमिनियम काळं पडतं, झिजतं आणि हायड्रोजन सुटतो. काकांना पटलं की नाही माहीत नाही, पण बाटली परत गेली.

कार्ब्युरेटरसाठी कार्ब क्लीनरचा स्प्रेच घेतला. त्यात अॅसिटोन, टोल्युइनसारखी द्रावकं असतात आणि ती रबराला सोसत नाहीत, म्हणून डायफ्राम (पातळ रबरी पडदा) आणि फ्लोट बाउलचं (खालच्या वाटीचं) रबर आधी काढून बाजूला ठेवलं. गॉगल हवाच. एका भोकात स्प्रे मारला की धार दुसऱ्याच भोकातून सरळ चेहऱ्याकडे येते. माझ्या गॉगलच्या काचेवर ती आली. हातात नायट्राइलचे मोजे होते, पण अॅसिटोन त्यांतूनही थोड्या वेळात झिरपतं, म्हणून मधेच बदलले. पितळी जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात) तार घातली नाही, भोक मोठं होतं. स्प्रे मारून फुंकलं, उजेडाकडे धरलं. बारीक गोल उजेड स्वच्छ दिसला तेव्हाच जेट परत बसवला.

सगळं जोडल्यावर ब्रेकमधली हवा काढली, लिव्हर घट्ट लागतो का ते जागेवरच बघितलं आणि मग गल्लीत हळू चालवून दोनदा ब्रेक दाबला.

वापरलेलं राकेल गटारात सोडायचं नाही. मी ते झाकणाच्या डब्यात ठेवतो. गाळ खाली बसला की वरचं पुढच्या चेनला कामी येतं. गाळ आणि जुनं इंजिन ऑइल कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये जातं, तो ते जुन्या ऑइलच्या व्यापाऱ्याला देतो.