चवथीआधी पॉलिश होईल का?

आषाढ सरत आला की फोंड्यात ओळखीचं कुणी ना कुणी हमखास विचारतं: आजोबांच्या वेळची खुर्ची नाहीतर कपाट माळ्यावरून काढलंय, चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, घरच्या घरी पॉलिश होईल का? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्टच सांगते. पॉलिश आत्ता नको, बाकी बरंच काही होईल.

आपल्याकडच्या जुन्या सागवानी, शिसवी सामानावर पुष्कळदा चपडीचं पॉलिश असतं, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाख. स्पिरिट भराभर उडतं, उडताना लाकडाचा वरचा भाग गार करतं आणि पावसाळी हवेतली ओल त्या कच्च्या थरातच अडकते. वर पांढुरकं सावट येतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की हेच काम सुखाने होतं. आणि खरं सांगू, गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेली माटोळी बांधली की येणाऱ्यांच्या माना वरच असतात. खुर्चीकडे बघतंय कोण!

तोवर निदान मळ काढा. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून पुसा, लगेच कोरड्याने टिपा. मग खुर्ची उलटी करा आणि न दिसणाऱ्या जागी स्पिरिटात भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ टेकवून ठेवा. बोटाला चिकट लागलं तर चपडीच समजा. मग पॉलिश पेपरने सगळं खरवडायची गरज नाही, जुना थर स्पिरिटने मऊ होतो आणि नवा त्यावरच बसतो. खरवडायची ही घाई मला भारी खटकते. जुन्या लाकडाला मुरून आलेला रंग अगदी वरवर असतो, एकदा घासला की गेला.

खण अडकत असेल तर रंधा मारू नका. लाकूड ओल धरून रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. आज तासलात तर उन्हाळ्यात खण खुळखुळेल. घासतो तिथे मेणबत्ती फिरवा, पुरे.

वेताची बैठक झोळीसारखी लोंबली असेल पण तुटली नसेल, तर कोमट पाण्याचं फडकं खालच्या बाजूने वेतावर दाबून ठेवा. लाकडाला पाणी लागू देऊ नका. मग पंख्याखाली सावकाश वाळू द्या, वेत बऱ्यापैकी ताणला जातो. पुरता वाळेपर्यंत मात्र कुणी बसायचं नाही. घरात पोरं असतील तर खुर्ची उलटीच ठेवा.