लेथचा ओव्हरलोड: भूत सापडलं

सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमधलं रडगाणं आठवत असेल: माझ्या लेथचा ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला तर ती बंद करणारं संरक्षण) विनाकारण ट्रिप होत होता. 2 एचपीची मोटर, नेमप्लेटवर 3.4 अँपिअर, रिलेचा डायल बरोबर 3.4 वर, क्लॅम्प मीटर तिन्ही फेजला 2.9 च्या आगेमागे दाखवतोय आणि तरी वीस-पंचवीस मिनिटांत टक्क! 95-96 (रिलेचा मोटर बंद करणारा कॉन्टॅक्ट) उघडला, लेथ बंद. खरं तर थंड रिलेने सेटिंगच्या 1.05 पटीला दोन तास तग धरायला हवा, इथे तर 0.85 पटच चाललाय.

"डायल 4 वर ने" म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. रिले गप्प बसेल हो, पण वाइंडिंगचं (मोटरमधल्या तांब्याच्या गुंडाळीचं) काय?

आधी मी पेटीच्या उष्णतेवर घसरलो, कारण झाकण उघडं ठेवलं की तासभर ट्रिप नाही. झालं, उत्साहात पेटीला दोन भोकं पाडली. रिलेला अँबियंट कॉम्पेन्सेशन (आजूबाजूच्या तापमानाचा परिणाम भरून काढायची सोय) असतं हे माहीत असूनही! उपयोग शून्य.

शेवटी लोडवर चालू असताना (प्रोब जपून लावा रे, जिवंत फेज आहेत) कॉन्टॅक्टरचं (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) टर्मिनल ते त्यात बसणारी रिलेची पिन असा मिलिव्होल्ट ड्रॉप बघितला. आर फेज 11, वाय 13, बी... 400! म्हणजे 2.9 अँपिअरला त्या एका सांध्यात सव्वा वॅटच्या जवळपास उष्णता. उघडून बघतो तर पिन क्लॅम्पच्या मागे सरकलेली, स्क्रू मात्र मस्त टाइट. त्या उष्णतेने एकच बाईमेटल (तापली की वाकणारी पट्टी, दर फेजला एक) जास्त वाकायची, मग पट्ट्यांमधला फरक बघणाऱ्या डिफरन्शियल स्लायडरला वाटायचं सिंगल फेजिंग झालंय, म्हणजे एक फेज गेलाय, म्हणून लवकर ट्रिप. आता पिन नीट बसवली, ड्रॉप 12, आणि काल सलग तीन तास फेसिंग केलं, हूं की चूं नाही. शांतपणे चहा प्यायलो.

यावरून एक मत: सीटीवाला (करंट ट्रान्सफॉर्मरने करंट मोजणारा) इलेक्ट्रॉनिक रिले असता तर त्याने फक्त करंट बघितला असता, ट्रिपच झाला नसता, आणि पिन काळी पडेपर्यंत मला पत्ता लागला नसता. जुना बाईमेटल बरा.

पुढे व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावायचा बेत होता ना, तो लिहितालिहिताच डगमगतोय. 15 हर्ट्झला टॉर्क तोच म्हणून करंट जवळपास तोच, पण शाफ्टवरचा फॅन मंद, त्यामुळे वाइंडिंग भाजलं तरी रिले निवांत. म्हणजे वाइंडिंगमध्ये पीटीसीचे (तापमान ओळखणाऱ्या सेन्सरचे) तीन मणी हवेत. बेअरिंगसाठी मोटर उघडणारच आहे, पण वार्निश बसलेल्या वाइंडिंगमध्ये मणी नीट चिकटतील का? कोणी केलंय? नाहीतर सरळ स्वतःच्या वेगळ्या मोटरवर चालणारा फॅन मागे बसवतो, बहुतेक तेच आधी.

आणि हो, ती दोन भोकं बुजवायचीत, लोखंडाचा कीस आत जायच्या आधी.