रेस्क्यूची तयारी: बोटीवर चढल्यानंतरचे तास

स्कूबा डायव्हिंगमधल्या रेस्क्यूचे पाण्याखालचे सराव आता अंगवळणी पडत आले आहेत, म्हणून या हंगामात सगळा भर बोटीवर चढल्यानंतरच्या वेळेवर ठेवला आहे. डीकम्प्रेशन सिकनेस, म्हणजे आपलं डीसीएस, हा खोलवरच्या दाबाखाली अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे झाल्याने होणारा आजार. तो बहुतेक वेळा पाण्यात दिसतच नाही. अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमधले आकडे मी लॉगबुकच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलेत: लक्षणं दिसलेल्यांपैकी 42 टक्क्यांना ती वर आल्यापासून तासाभरात जाणवली, 60 टक्क्यांना 3 तासांत, 83 टक्क्यांना 8 तासांत आणि 98 टक्क्यांना 24 तासांत. म्हणजे मालवणात सकाळी डाइव्ह करून, दुपारी मासे-सोलकढी जेवून आडवा झालेल्या माणसाचा खांदा चार वाजता ठणकायला लागू शकतो. तेव्हा इन्स्ट्रक्टर घरी गेलेला असतो, बोट किनाऱ्याला लागलेली असते. शेजारी असतो तो बडीच, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार.

पाण्यातल्या सरावाबद्दल थोडंच लिहिते. बेशुद्ध बडीला वर आणायचा सराव आम्ही 10 मीटरवरून करतोय. मी तिच्या मागे, एक हात तिच्या तोंडातल्या रेग्युलेटरवर (श्वासाची हवा देणाऱ्या तोंडीवर), दुसरा तिच्या बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटच्या, इन्फ्लेटरवर (हवा भरायच्या-सोडायच्या नळीवर). माझ्या बीसीडीतली हवा सोडून द्यायची आणि तिच्या हवेवर दोघींनी वर यायचं, म्हणजे हात सुटला तरी ती वरच जाईल. शेवटचे 5 मीटर सगळ्यात अवघड. हवा तिथे भराभर फुगते आणि मिनिटाला 9 मीटरचा वेग कधी ओलांडला जातो ते कळत नाही. आता इन्फ्लेटर नळी कायम उंच धरून थोडी थोडी हवा सोडत राहायची सवय लागली आहे. रेग्युलेटर तोंडातून निसटलेला असेल तर तो परत बसवण्यात वेळ घालवायचा नाही, हेही आता हाताला पटलंय.

आता मुख्य गोष्ट. डीसीएसमध्ये पहिला वेळ वाया जातो तो नाही म्हणण्यात. आणि आपल्याकडे त्यासाठी कारणं तयारच असतात. अंगावर चट्टे आले? पित्त उठलं असेल. चक्कर येते? बोट लागली. खांदा दुखतो? सिलिंडर उचलताना लचक भरली. हातापायाला मुंग्या? अवघडून बसले होते. प्रत्येक कारण पटण्यासारखं असतं, म्हणून तर धोका. डाइव्हनंतर 24 तासांत यातलं काहीही नव्याने सुरू झालं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते डीसीएसच धरायचं, असा नियम आम्ही दोघींनी करून टाकला आहे.

त्यासाठी एक खेळ सुरू केला. डाइव्हनंतर एकीने गुपचूप एक लक्षण निवडायचं, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवायचं आणि जेवणं होईपर्यंत ते लपवायचं. दुसरीने ओळखायचं. यातून कळलं की "बरी आहेस ना?" हा प्रश्न अगदी कुचकामी आहे, त्याचं उत्तर नेहमी "हो गं" असंच येतं. प्रश्नाऐवजी काम सांगायचं. हा फिन्सचा जोड धर, वेटसूट वाळत घाल, पाण्याचा जग इकडे दे. गेल्या वेळी तिने उजवा खांदा निवडला होता. वेटसूट तारेवर टाकताना तिने तो डाव्या हाताने भिरकावला आणि उजवं कोपर बरगडीला चिकटवूनच ठेवलं. ताटातला मासाही डाव्या हाताने सोलत होती. तिथे मी ओळखलं. लघवीला जाऊन आली का, हेही न लाजता विचारायचं. पाणी भरपूर पिऊनही लघवी होत नसेल तर ते मणक्यावर परिणाम झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरा सराव पाच मिनिटांच्या तपासणीचा. नाव, जागा, वेळ विचारायची. माझ्या बोटामागे डोळे फिरव, दात दाखव, खांदे उचल, माझे दोन्ही हात एकदम दाब. डोळे मिटायला लावून दोन्ही बाजूंना हलका स्पर्श, सारखा लागतो का? मग टाच-चवडा जुळवत सरळ रेषेत चालणं आणि डोळे मिटून उभं राहणं. शेवटचे दोन प्रकार हलत्या बोटीवर निरर्थक, ते जमिनीवर आल्यावरच करायचे. ही तपासणी बडी ठणठणीत असतानाच एकदा करून लिहून ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. माझ्या बडीची डाव्या हाताची पकड जुन्या फ्रॅक्चरमुळे मुळातच ढिली आहे. हे आधी माहीत नसेल तर ऐन वेळी त्याचा अर्थ कसा लावणार? लक्षण आढळलं तर तपासणी दर तासाला, वेळेसकट नोंद करायची.

रुग्णाला लगेच द्यायच्या ऑक्सिजनचा हिशेब तर प्रत्येकाने आपापल्या बोटीचा मांडायला हवा. नॉन-रिब्रीदर मास्कला (सतत ऑक्सिजन सोडणाऱ्या, पिशवी लावलेल्या मास्कला) मिनिटाला 15 लिटर लागतात. कोविडमध्ये सगळ्यांना माहीत झालेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण 1500 लिटर असतात, म्हणजे 100 मिनिटं. श्वास घेतल्यावरच वायू सोडणारा डिमांड व्हॉल्व्ह असला तर बहुधा जास्त पुरतो. बोटीला किनाऱ्यावर यायला किती, तिथून रुग्णालयाला किती, ही बेरीज सिलिंडरमध्ये बसते का ते निघण्याआधी पाहायचं. आणि व्हॉल्व्हला तेलाचा हात नको, जवळपास बिडी नको. खलाशीदादांना हे एकदा नीट समजावलं की पुढे तेच इतरांना दटावतात.

रुग्णाला आडवं झोपवायचं, शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल तर पाणी द्यायचं. दारू अजिबात नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक गोळीही नाही. डाइव्हची खोली आणि वेळ नोंदवणारा डाइव्ह कॉम्प्युटर रुग्णाबरोबर पाठवायचा. बडीवरही लक्ष ठेवायचं, कारण प्रोफाइल, म्हणजे खोली आणि वेळ, दोघांची तीच. पुन्हा पाण्यात उतरवून दाब देण्याचा विचार मनातही आणू नका.

ऑक्सिजन लावल्यावर अनेकदा थोड्या वेळात दुखणं थांबतं आणि मग "आता कशाला डॉक्टर?" सुरू होतं. इथे बडीने हट्ट धरायचा. बरं वाटणं म्हणजे उपचार झाला असं नाही, लक्षणं परत येऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हर्सना वैद्यकीय मदत देणाऱ्या संस्थेच्या 24 तास चालणाऱ्या आणीबाणी क्रमांकावर आधी फोन करायचा, कुठल्या चेंबरला (वाढीव दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या कक्षाला) जायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवायचं, मग निघायचं. मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय, अंदमानात श्री विजयपुरमचं (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरचं) धन्वंतरी, ही नावं माझ्या फोनमध्ये आहेत. चेंबरमधला नेहमीचा उपचार म्हणजे अमेरिकन नौदलाच्या टेबल 6 या वेळापत्रकाचा, 18 मीटरच्या दाबापासून सुरू होणारा, पावणेपाच तासांचा.

पुण्या-कोल्हापूरच्या मंडळींसाठी घाटाचा मुद्दा. डाइव्हनंतर विमानप्रवासासाठी एका डाइव्हनंतर 12 तास, एका दिवसात अनेक किंवा अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर 18 तास थांबा, हे आपल्याला पाठ असतं. ही शिफारस साधारण 600 ते 2400 मीटर उंचीइतक्या केबिनच्या दाबासाठी आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर. दुपारची दुसरी डाइव्ह आटोपून संध्याकाळी गाडी आंबोलीने काढणं म्हणजे त्याच हिशेबात बसणं. आमच्या गटाने रविवारची डाइव्ह बंद करून शेवटची डाइव्ह शनिवारी सकाळी ठेवली आहे. एक डाइव्ह कमी होते, पण रविवारी सकाळी उपकरणं गोड्या पाण्यात निवांत धुऊन होतात.

पुढचं काम: सराव अंधारात करायचा, टॉर्चच्या उजेडात डोळ्यांची तपासणी जमते का ते बघायचं. आणि खेळात आता दोन लक्षणं एकदम.