थेरेमिन : मींड जमली, कॅमेऱ्याने घात केला

थेरेमिन म्हणजे स्पर्श न करता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य : पिच अँटेनाजवळ उजवा हात हलवला की स्वर बदलतो, दुसऱ्या अँटेनाजवळ डावा हात वर-खाली केला की आवाज लहानमोठा होतो. एका चॅनेलवर माझ्या वादनाची क्लिप लागली आणि मनापासून चीड आली. तानपुऱ्याच्या साथीने थेरेमिनवर यमनची अख्खी आलापी रेकॉर्ड करून नेली होती. दाखवली फक्त झीरो-बीट (हात दूर असताना स्वर शून्यावर येण्याची जागा) जुळवतानाची किंचाळी, आणि खाली पट्टी : ‘भुताटकीचं वाद्य’.

शिक्का जुनाच आहे. 1945 च्या ‘स्पेलबाउंड’मध्ये मिक्लोश रोझाने बिथरलेल्या मनासाठी थेरेमिन वापरलं, मग परग्रहवासीयांच्या चित्रपटांनी ते उचललं. थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर मात्र त्याआधीपासून मैफली करत होत्या. त्यांनी वाद्याचे जनक टेर्मेन यांच्याकडून व्हॉल्यूमचा प्रतिसाद मुद्दाम जलद करून घेतला. त्यामुळे दोन स्वरांमधली घसरण डाव्या हाताने झाकता येते.

आपल्याला ती झाकायची नाही, ऐकवायची आहे. आपल्याकडे या घसरणीलाच मींड म्हणतात. मींड कुठून सुटली आणि कुठे टेकली हे कळलं तर ती मींड, नाहीतर भूत. म्हणून व्हायब्रेटो, म्हणजे हाताने दिलेली स्वराची थरथर, पूर्ण बंद केला. मधल्या वाटेवर डावा हात किंचित खाली, टेकताना पुन्हा वर. ग-रे-सा आता असा उतरतो की षड्ज तानपुऱ्यात विरघळतो! या एका जागेसाठी सगळी खटपट सार्थकी लागली.

पण कॅमेरा आला की सगळं बिघडतं. ट्रायपॉड आणि माणसं पिच अँटेनाजवळ आली की तिच्याभोवतीचं विद्युत क्षेत्र (फील्ड) सरकतं, पुन्हा जुळवावं लागतं, आणि नेमकं तेच चित्रित होतं. वाद्यातली कॉइल बदलायचा विचार होता, तो सोडला. आता जमिनीवर दोन मीटरचं अर्धवर्तुळ चिकटपट्टीने आखणार. जुळवणी झाल्यावर आत कुणी नाही. जुळवणीही अँपचा आवाज बंद ठेवून, ट्यूनरवर. इथे ओपन-थेरेमिनचं किट सरस : बटण दाबलं की आवाज बंद, दाबून धरलं की कॅलिब्रेशन. तरी हाताला माझं इथरवेव्ह मॉडेलच गोड लागतं, ते मी सोडणार नाही.

एका लघुपटवाल्यांनी भुताचा आवाज मागितलाय. नकार कळवणार होतो, पण लिहिता लिहिता थेरेमिनवादक लिडिया काविना आठवल्या : ‘एड वुड’ चित्रपटासाठी त्यांनी वाजवलं, मैफलीही चालू ठेवल्या. तेव्हा होकार देतो, अट एकच : श्रेयनामावलीवर माझा यमन वाजेल.

इथरवेव्ह प्लस मॉडेलचा पिच-प्रिव्ह्यू (अँप बंद असतानाही स्वर मिळण्याची जोडणी) कुणी थेट ट्यूनरला जोडलाय का? जोडणी कळवा, शनिवारी करून बघतो.