दुसऱ्याच्या तोंडचा विनोद

गायक दुसऱ्यानं लिहिलेलं गाणं गातो, नट दुसऱ्याचे संवाद म्हणतो, त्याबद्दल आपली तक्रार नसते. पण माईकपुढे एकटा उभा राहून ‘काल बायको मला म्हणाली’ अशी सुरुवात करणाऱ्याची बायको खरंच तसं काही म्हणाली असावी, अशी आपली भाबडी अपेक्षा असते. ते वाक्य एखाद्या अविवाहित पोरानं रात्री जागून, पैसे घेऊन लिहिलंय हे कळलं, की उगाच फसवल्यासारखं वाटतं.

दिग्दर्शक जड ॲपटॉव यांचा ‘फनी पीपल’ (२००९) हा अमेरिकी सिनेमा याच भानगडीवर उभा आहे. जॉर्ज सिमन्स, म्हणजे ॲडम सँडलर, हा गडगंज विनोदवीर. त्याला रक्ताचा गंभीर आजार होतो. आयरा, म्हणजे सेथ रोगन, दिवसा दुकानातल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर राबतो आणि रात्री क्लबमध्ये नशीब अजमावतो. जॉर्ज त्याला विनोद लिहायला ठेवतो. म्हणायला लेखक; प्रत्यक्षात हरकाम्या, सोबती आणि मालकाला झोप लागेपर्यंत उशाशी बसून बोलत राहणारा माणूस. शिवाय हे काम खरं तर आयरा आणि त्याचा मित्र अशा दोघांसाठी आलेलं. आयरा मित्राचा पत्ता परस्पर कापतो. मला हा तपशील फार खरा वाटतो. ॲपटॉव यांना हा धंदा आतून ठाऊक आहे. उमेदवारीच्या काळात त्यांनी इतरांसाठी विनोद लिहिले होते आणि सँडलर त्यांचा खोलीतला जोडीदार होता. (उत्तरार्धात जुन्या प्रेयसीच्या घरी सिनेमा रेंगाळतो, तो मी दरवेळी सोसतो.)

अमेरिकेत हा धंदा कधी लपूनछपून नव्हता. मंचावर एकटीनं हसवणाऱ्या विनोदवीर फिलिस डिलर विनोद कार्डांवर टाइप करून पोलादी कपाटात विषयवार लावायच्या. पन्नास हजारांहून जास्त कार्डांचा तो ऐवज आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यातले कितीतरी विनोद विकत घेतलेले, काही तर घरबसल्या लिहून पाठवणाऱ्या गृहिणींकडून. २०२३च्या मे महिन्यात पटकथालेखक संपावर गेले आणि रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम लगोलग बंद पडले. सूत्रसंचालक ठणठणीत होते, मंच जागेवर होता. बोलायचं काय, एवढाच प्रश्न होता.

पण मग हशा लेखकाचा म्हणावा, तर अमेरिकी रेडिओवरचे विनोदवीर जॅक बेनी आडवे येतात. १९४८ मधला त्यांचा रेडिओवरचा प्रसंग. चोर दरडावतो, ‘पैसे की जीव?’ शांतता. चोर पुन्हा खेकसतो. बेनी म्हणतात, ‘विचार करतोय!’ यामागची हकीकत अशी सांगतात, की दोन लेखक चोराच्या वाक्यावर अडले होते. एकजण कोचावर गप्प पडलेला. दुसरा वैतागून ओरडला, तेव्हा पहिला खेकसला, ‘विचार करतोय ना!’ तेच उत्तर ठरलं. कागदावर ते दोन शब्द आहेत. त्यांना धार येते ती मधल्या शांततेनं, आणि बेनी महाकंजूष आहेत हे श्रोत्यांना वर्षानुवर्षं ठाऊक असल्यामुळे. ती शांतता बेनींची. कंजूषपणा मात्र बराचसा लेखकांनीच रचलेला. माणूस म्हणून ते उदार होते. एकदा दुसरे विनोदवीर फ्रेड ॲलन यांनी बोलण्यात कोंडी केली, तेव्हा बेनी म्हणाले म्हणे, ‘माझे लेखक इथं असते, तर तुझी असं बोलायची छाती झाली नसती.’

जॉर्जला असं कबूल करणं जमत नाही. आजारातून उठल्यावरही त्याचा आडमुठेपणा तसाच राहतो आणि दोघांचं फाटतं. मग अगदी शेवटी तो आयराच्या काउंटरवर येऊन उभा राहतो, आयरासाठी स्वतः लिहिलेले विनोद घेऊन. दोघं बसून एकेका विनोदावर खल करतात. या खेपेला पगाराचा विषय कुणी काढत नाही.