आधी कार्ड, मग फोन: प्रवासातल्या नेटसाठी स्वस्त मोबाइल निवडताना

दुकानात गेलं की कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि रॅमचे आकडे पहिल्यांदा कानावर पडतात. फिरताना नेट चालावं एवढ्यासाठी फोन घ्यायचा असेल तर हे सगळं शेवटी बघायचं. माझा क्रम असा: कुठे फिरणार, तिथे कोणाचा टॉवर आहे, तो टॉवर कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर चालतो, आणि मग ते बँड असलेला फोन. बजेट 10 ते 13 हजार. फिरणं मुख्यतः कोकण आणि घाटमाथा, तेही एसटीने नाहीतर रेल्वेने. कामं म्हणजे नकाशा, तिकीट, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि अधूनमधून लॅपटॉपला हॉटस्पॉट. एवढ्याला आजचा कुठलाही प्रोसेसर पुरतो. अडतं ते रेंजपाशी.

कव्हरेजचे नकाशे कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतात, ते बघतेच, पण नकाशावर रंगवलेलं सगळं गाव घरात बसून नेट देईलच असं नाही. खात्रीची माहिती मुक्कामाच्या घरमालकाकडे असते. खोली ठरवायला फोन केला की विचारायचं, "काका, तुमच्याकडे कुठलं कार्ड चालतं?" उत्तर साधारण असं येतं: एक कार्ड घरात चालतं, दुसऱ्याला अंगणात यावं लागतं, तिसऱ्याचं नाव काढू नका. दोन-तीन ठिकाणी विचारलं की त्या पट्ट्यात कोणती दोन कार्डं लागतील ते ठरतं.

आता बँड. इथे थोडं डोकं घालावं लागतं, पण पैसे वाचतात ते इथेच. जिओचं 4जी बँड 5 (850 मेगाहर्ट्झ), बँड 3 (1800) आणि बँड 40 (2300) वर चालतं. एअरटेलचं मुख्यतः 8 (900), 3, 1 (2100) आणि 40 वर. व्हीचं (व्होडाफोन-आयडिया) 8, 3, 1 आणि काही भागांत 41 (2500) वर. बीएसएनएलचं नवं 4जी 28 (700) आणि 1 वर आहे. आकडा जितका लहान मेगाहर्ट्झचा, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून जास्त शिरते. 2300 वर वेग चांगला मिळतो कारण तिथे जागा रुंद असते, पण टॉवरपासून जरा लांब गेलं किंवा मध्ये डोंगराचा खांदा आला की तो बँड संपलाच. त्यामुळे कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात नेट चालतं की नाही हे बँड 5, 8 आणि 28 ठरवतात. 1, 3, 5, 8, 40, 41 बहुतेक फोनमध्ये असतात. 28 मात्र जुन्या आणि अगदी स्वस्त मॉडेलमध्ये गाळलेला सापडतो. बीएसएनएलचं कार्ड ठेवायचं असेल तर 28 शिवाय फोन घेऊच नये.

ही यादी ऑनलाइन विक्रीच्या पानावर बहुधा नसते. तिथे नुसतं "4जी, 5जी" लिहिलेलं असतं. फोनच्या कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं तपशिलाचं पान उघडून नेटवर्कच्या रकान्यात बघायचं. नाव तेच असून वेगवेगळ्या देशांसाठी बँड वेगळे असतात, म्हणून खोक्यावरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा. याच कारणाने अमेरिकेतल्या भावाबहिणींनी पाठवलेला स्वस्तातला अँड्रॉइड फोन मी प्रवासाला धरत नाही. त्यात बँड 40 नसण्याची शक्यता असते, फोन तिथल्या कंपनीला लॉक असू शकतो, आणि इथल्या नेटवर्कवर व्होल्टी, म्हणजे 4जीवरून कॉलची सोय, चालू होत नाही असंही होतं. जिओला 2जी-3जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नाही म्हणजे साधा कॉलही नाही.

5जी हवं का? शहरात आणि हायवेवर उपयोग आहे, आडगावात फारसा नाही. घ्यायचंच असेल तर दोन शब्द तपासायचे: एसए आणि एनएसए. जिओचं 5जी स्वतंत्र, म्हणजे एसए पद्धतीचं आहे आणि ते एन28 व एन78 या 5जी बँडवर चालतं. एअरटेलचं मोबाइलवरचं 5जी बहुतांशी 4जीच्या आधाराने, म्हणजे एनएसए पद्धतीने उभं राहिलं. फोनला दोन्ही यायला हवं. नोव्हेंबर 2024 मध्ये साडेआठ हजारांच्या आत आलेला रेडमी ए4 5जी फक्त एसएवाला होता. एअरटेलच्या एनएसए नेटवर्कवर त्याला 4जीवरच समाधान मानावं लागतं. खोक्यावर 5जी छापलेलं, आणि ते खोटंही नाही! 10 हजारांच्या खाली 5जीच्या नादाला लागण्यापेक्षा 128 जीबीचा बरा 4जी फोन घ्यावा, असं माझं मत. 12-13 हजारांत मात्र दोन्ही पद्धतींचा 5जी फोन मिळतो, तो घ्यावा.

सिमचा ट्रे बाहेर काढून बघायचा. काहींत दोन सिम आणि मेमरी कार्ड अशा तीन जागा असतात, काहींत दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड यांपैकी एकच बसतं. दोन कार्डं तर प्रवासात लागणारच, म्हणून दोनच जागा असतील तर फोनमध्येच 128 जीबी असावी. या किमतीत ई-सिम क्वचित मिळतं, त्यावर विसंबू नये. दुसरं कार्ड नुसतं पाकिटात पडून राहिलं तर 90 दिवस काहीच वापर न झाल्यावर नंबर बंद होऊ शकतो. अधूनमधून एखादा कॉल त्यावरून करावा. आणि एका कार्डावर बोलताना दुसऱ्याचं नेट थांबतं, तो बिघाड नव्हे. स्वस्त फोनमध्ये दोन सिमना मिळून एकच रेडिओ असतो. सिमच्या सेटिंगमध्ये "कॉल चालू असताना डेटा" अशा अर्थाचं बटण असतं, ते चालू केलं की बोलणं चालू असेपर्यंत नेट ज्यावर बोलतोय त्याच कार्डावर जातं.

रॅमबद्दल एवढंच. "4+4" मधले मागचे 4 जीबी खरे नव्हेत, स्टोरेजमधला तुकडा उसना घेतलेला असतो, आणि स्वस्त फोनमधलं स्टोरेज मुळात हळू. खरे 4 जीबीच असले की तिकिटाचा फॉर्म भरून ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं आणि परत यावं तर पान पुन्हा पहिल्यापासून लोड होत बसतं. घरी चिडचिड होते. धावत्या गाडीत तिकीटच जातं. 6 जीबी असले तर हे बरंच टळतं. त्यासाठी हजार रुपये जास्त पडले तरी द्यावेत.

ज्याकडे कोणीच बघत नाही तो भाग होकायंत्राचा. खर्च वाचवायला स्वस्त फोनमधून मॅग्नेटोमीटर (म्हणजेच होकायंत्र) आणि जायरोस्कोप (फिरणं ओळखणारा सेन्सर) काढलेले असतात. जीपीएस असतं, त्यामुळे निळा ठिपका बरोबर जागी दिसतो, पण आपलं तोंड कुठे आहे ते फोनला कळत नाही. चालायला लागल्यावर दहा-वीस पावलांनी दिशा ठरते, ती चुकीची निघाली की उलटं फिरायचं. बसस्टँडवर हे चालून जातं, धुक्यात तीन वाटा फुटतात तिथे नाही. दुकानात तपासणं सोपं आहे: नकाशा उघडा, जागेवर उभं राहून फोन आडवा धरा आणि स्वतःभोवती गोल फिरा. ठिपक्यातून निघणारा निळा झोत तुमच्याबरोबर फिरला तर होकायंत्र आहे. झोत दिसतच नसेल तर नाही. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

तिथेच दुसरी तपासणी. आपलं सिम डेमो फोनमध्ये घालायला मागावं. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. डायलरवर *#*#4636#*#* टाकलं की चाचणीचं पान उघडतं. काही कंपन्यांनी ते बंद ठेवलंय. मग सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमची स्थिती उघडायची. तिथे सिग्नलचा उणे आकडा दिसतो. उणे 90 च्या आसपास छान, उणे 105 कामचलाऊ, उणे 115 ला पान उघडेल की नाही याची शाश्वती नाही. त्याच जागी, तेच सिम आपल्या जुन्या फोनमध्ये घालून मिनिटभर थांबून आकडा बघावा. तीन-चारचा फरक सोडून द्यायचा, तेवढा हात हलल्यानेही पडतो. पण नवा फोन सातत्याने दहाने मागे असेल तर त्याचा अँटेना कमकुवत आहे, बाकी कितीही चकचकीत असो. वरच्या पट्टीत 4जी च्या पुढे अधिकचं चिन्ह आलं तर फोन दोन बँड एकत्र वापरतोय, ही जमेची बाजू.

जुना फोन घेत असाल तर *#06# ने आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढा आणि इंग्रजी मोठ्या अक्षरांत केवायएम (KYM), एक जागा, मग पंधरा आकडे असा एसएमएस 14422 ला पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर कळतं.

बॅटरी 5000 एमएएचच्या खाली नको. रेंज कमी तिथे फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावतो, म्हणून घाटात बॅटरी घरच्यापेक्षा भराभर उतरते. 10,000 ची पॉवर बँक असला फोन दोनदा भरेल हा हिशेब चुकतो: आतल्या सेलचा दाब 3.7 व्होल्ट, बाहेर द्यायचे 5, या रूपांतरात आणि उष्णतेत बराच भाग जाऊन हातात सहा-साडेसहा हजार येतात, म्हणजे एकदा पूर्ण आणि वर थोडं. रेल्वेत रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवले जातात, तेव्हा झोपायच्या आधीच भरून घ्यावा.

फोन आल्यावर घरच्या वायफायवर आधी नकाशाचा तो भाग ऑफलाइन उतरवून घ्यायचा आणि ॲप आपोआप अपडेट होणं फक्त वायफायवर ठेवायचं. दुसरं कार्ड घातल्यावर रेंज आहे पण नेट नाही असं झालं तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंटचं नाव (एपीएन) तपासा: जिओला "जिओनेट", बीएसएनएलला "बीएसएनएलनेट", इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. गाडीत 5जी बंद करून 4जीवर ठेवलं की फोनची सारखी उडी मारणं थांबतं. कोकण रेल्वेवर करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर बोगद्यासारख्या ठिकाणाहून बाहेर आल्यावर रेंज परत यायला वेळ लागतो, कारण बराच वेळ काही सापडलं नाही की फोन शोधण्याची वारंवारता कमी करतो. दहा सेकंद विमान मोड लावून काढला की तो लगेच नव्याने शोधायला लागतो. जोडून सुट्ट्या आल्यावर अलिबाग-महाबळेश्वरला रेंजच्या दांड्या पूर्ण असूनही पान हलत नाही, तिथे मात्र फोनचा काही इलाज नाही; टॉवरवर गर्दी असते. दुसऱ्या कार्डावर डेटा वळवून बघावा. मोठ्या स्टेशनांवर रेलवायरचं (रेल्वेचं) वायफाय ओटीपी टाकून रोज पहिली 30 मिनिटं फुकट मिळतं, नकाशे उतरवायला तेवढं पुरे.

काश्मीर किंवा लडाखला जायचं असेल तर यातलं काहीही उपयोगी पडत नाही, जर कार्ड प्रीपेड असेल. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघायच्या आठवडाभर आधी बदल करून घ्यावा, आणि दोन कार्डांपैकी बँकेला जोडलेलं कार्डच पोस्टपेड करावं; नाहीतर नेट मिळेल, पण ओटीपी येणार नाही.