तुम्ही विचारलेत म्हणून: ध्यास लागतो की घ्यावा लागतो?

मी मुद्रिते तपासण्याचे काम करते, त्यामुळे ‘ध्यास आणि वेड यांत नेमका फरक काय, आणि ध्यास लागला म्हणावे की घेतला म्हणावे?’ हा प्रश्न लेखक मंडळी मला वारंवार विचारतात. आवड वाढली की छंद, छंद वाढला की नाद, नाद हाताबाहेर गेला की वेड, अशी एक चढण विचारणाऱ्याने बहुधा मनाशी धरलेली असते. मला ती मान्य नाही. हे शब्द एकाच वाटेवरचे नाहीत, आणि त्यांना जोडून येणारी क्रियापदेच ते सांगून जातात.

नाद लागतो आणि सोडावा लागतो. अमका तमक्याच्या नादी लागला म्हटले की पुढचे काही बरे ऐकायला मिळणार नाही, हे आपण ओळखतो. (कोल्हापूरकरांच्या ‘नाद खुळा’ने या शब्दाला कौतुकाची बाजू दिली, हे खरे, पण वडीलधाऱ्यांच्या तोंडी तो अजून तक्रारीचाच आहे.) वेडही लागते, पण ते घेतले की सोंग ठरते, आणि घेणारा थेट पेडगावला जातो. ध्यास मात्र लागतोही आणि घेताही येतो, त्यामुळे दोन्ही प्रयोग बरोबर आहेत. घेतलेल्या ध्यासात संकल्प अधिक, लागलेल्यात ओढ अधिक, इतकेच.

हे दुहेरीपण मला त्याच्या कुळातच दिसते. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी ‘श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’ असे सांगतो. त्यातल्या निदिध्यासाशी आपल्या ध्यासाचे नाते आहे. मूळ धातू ‘ध्यै’, म्हणजे चिंतन करणे. पण रूप साधे नाही, इच्छार्थक आहे. पिण्याच्या इच्छेची पिपासा, जाणण्याच्या इच्छेची जिज्ञासा, त्याच घडणीचा हा शब्द. इच्छा असते ती हाती नसलेल्या गोष्टीची, आणि मराठीने हा गुण सोडलेला नाही: ज्याचा ध्यास असतो ते अजून व्हायचे असते, मिळायचे असते.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्याआधी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याच्या वाढीचे एकेक चित्र धीराने टिपले आणि अंकुर फुटून रोप वर येतानाचा अगदी छोटा चित्रपट तयार केला. भांडवल उभे करायला तो त्यांच्या कामी आला. त्यापूर्वी सतत चित्रपट पाहून त्यांचे डोळे बिघडले होते, आणि पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी गेले. कुंडीपुढे कॅमेरा मांडून बसलेल्या त्या गृहस्थाला त्या काळी कोणी वेडा म्हटले असते, तर भाषेच्या दृष्टीने ते चूक ठरले नसते. जे अजून झालेले नाही ते बोलणाऱ्यालाही दिसत असेल तर तो ध्यास म्हणतो, नसेल तर वेड.

निवडणुकीच्या फलकांवरच्या ‘ध्यास विकासाचा’ला मात्र माझी काहीच हरकत नाही, विकास व्हायचा आहे, हे त्यात आपसूकच कबूल केलेले असते. मुद्रितात ‘त्याला क्रिकेट पाहण्याचा ध्यास होता’ असे आले की मी समासात ‘नाद?’ लिहिते. ‘भारतीय संघातून खेळण्याचा ध्यास’ असेल, तर त्या वाक्याला हात लावत नाही.